मटणाची कबुली

आमच्या आईला माझं काम काय आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण अमरावतीत ते कुणाला सांगायची तिची तयारी नव्हती. "पोरगी डॉक्टर झाली ना, कशाची?" असं कुणी विचारलं की ती बेधडक सांगायची, "डोळ्यांची." एकदा मी शेजारीच उभी होते. घरी येऊन भांडले. म्हटलं, "आई, मी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करते. डोळे कुठून आणलेस तू?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मंग काय चौकात उभी राहून सांगू, माही पोरगी दिवसभर लोकाइची शी पाह्यते म्हणून? तुह्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं हाय अजून."

तिचं फार काही चुकत नव्हतं. पुढं आयुष्यभर मी आतड्यातल्या पेशी पाहिल्या. त्या कशा वाढतात, कशा मरतात आणि काही पेशी मरायचं कशा विसरतात, यावर लिहिलं. पण सुरुवात झाली ती आईला चौकात सांगता न येणाऱ्या गोष्टीपासूनच.

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा दोष या तापटपणाचा आहे आणि निम्मा माझ्या हुशारीचा.

नागपूरला शिकत होते तेव्हा आमचे सर विलायतेहून नुकतेच परतले होते. एकदा वर्गात त्यांनी सांगितलं की मोठ्या आतड्याचा कॅन्सर हा तिकडच्या लोकांचा रोग. "तुमच्या वऱ्हाडात तो नाहीच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. पोटं कशी स्वच्छ!" वऱ्हाडची मी एकटीच होते, म्हणून सगळा वर्ग माझ्या पोटाकडे बघायला लागला. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, रोग नाही हे कशावरून?" ते म्हणाले, "दवाखान्यात कोणी येत नाही यावरून." मी म्हटलं, "दवाखान्यात भूत लागलेलंही कोणी येत नाही. म्हणून वऱ्हाडात भुतं नाहीत असं समजायचं का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग काढा शोधून," एवढंच म्हणाले. झालं. एका भुतानं माझं अख्खं आयुष्य ठरवलं.

लग्न झालं ते दर्यापूरच्या बाजूच्या एका गावात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं गाव, जिथं विहिरीचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही. आमचे हे अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत. रविवारी दोघंही गावी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि आमचा संसार म्हणजे तीन गावं आणि त्यांना जोडणारी एस.टी.

सासरे गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. उंच, ताठ, गळ्यात तुळशीची माळ, हातात खंजिरी. आवाज असा की पारावर गायला लागले तर शिवेवरचा बैल थांबावा. त्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. म्हणायची म्हणजे आत्याबाईंनाच. मामाजींशी सुनेनं बोलायचंच नाही, अशी त्या घराची रीत. त्यांच्याशी काही बोलायचं असलं तर मी भिंतीकडे तोंड करून सांगायची. "आत्याबाई, चहा झाला म्हणावं." मामाजी चार हातांवर बसलेले असत. तेही भिंतीलाच उत्तर देत. "साखर कमी टाकली म्हना." ती भिंत आमच्या घरातली सगळ्यात कामाची बाई होती.

आता अशा घरातली सून गावात जाऊन काय मागणार होती, तर मळाचे नमुने. आतड्यात कुठं गाठ असली तर तिच्यातून थेंब थेंब रक्त पाझरतं. डोळ्यांना दिसत नाही. पण नमुन्यावर बेन्झिडिन नावाचं औषध टाकलं की रक्त असेल तर निळाशार रंग येतो. त्या बेन्झिडिननंच कॅन्सर होतो हे पुढं कळलं आणि ते बंद झालं. आम्ही मात्र ते उघड्या हातांनी कालवत होतो. या तपासणीची एक खोड होती. माणसानं मटण खाल्लं असलं तरी ती निळी होते, कारण तेही रक्तच. म्हणून तीन दिवस आधी मटण, मासे, अंडी बंद, असं मी बजावून सांगायची.

गावातल्या मोठ्या माणसांना मलमाच्या रिकाम्या डब्या वाटल्या, प्रत्येकीवर नंबर. पहिल्या खेपेला लोकांनी डब्या घरातच ठेवल्या, त्यात बायकांनी कुंकू भरलं, आणि नमुना दिला आगपेटीत, ज्यावर मला नव्यानं नंबर टाकावे लागले. तो सगळा माल पिशवीत घालून मी एस.टी.त बसले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, काय हाय यात?" मी म्हटलं, "नमुने." "कायचे?" "शेतातले." यात खोटं काहीच नव्हतं, सगळं गाव शेतातच जायचं. तो खूश झाला. "माती तपासून राहिले का? आमच्या बी वावराची घेऊन जा की." आणि ती पिशवी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतली. अकोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

नमुने तपासले आणि आठ निळे निघाले. मी हरखूनच गेले. आठ! सरांना आता दाखवते, असं म्हणत टेबलाभोवती फिरत होते. प्रयोगशाळेतले सहायक माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. छप्पन साली घरादारासकट बौद्ध झालेला, मोजकं बोलणारा माणूस. पेशींचे काप असे पातळ काढायचे की तसे मला पुढं कुठल्याच देशात बघायला मिळाले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे नमुने कवा घेतले?" मी म्हटलं, "मंगळवारी." त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट केलं. "रविवारी पोळा व्हता. सोमवारी कर."

वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघर मटण शिजतं. श्रावण संपलेला, महिनाभराचा उपास सुटलेला. आमच्या माहेरी कर म्हणजे नुसताच दुसरा दिवस, म्हणून एवढी शिकलेली मी, माझ्या ध्यानातच आलं नाही. असा राग आला! स्वतःचा राग आला की तो मी दुसऱ्यावर काढते. पुढच्या रविवारी वही घेऊन थेट पारावर गेले आणि सगळ्यांसमोर एकेक नंबर वाचला. "तुम्ही करीला मटण खाल्लं का?"

"करीले नाही खायचं त कवा खायचं?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बाई, तुमी नाही म्हनल्या व्हत्या, म्हणून म्या निस्ता रस्साच पेलो." सात जणांनी हसत कबूल केलं. आठवा नंबर वाचला आणि पार गप्प झाला. तो नंबर होता खंजिरीवाल्या काकांचा.

हे काका म्हणजे मामाजींचे लहानपणापासूनचे सोबती. मंडळातली दुसरी खंजिरी त्यांची. गावाला हसवायचं काम जन्मजात त्यांच्याकडे, पण गळ्यात माळ, आणि ती माळ त्यांनी मामाजींसोबतच घातलेली. माळ घातलेल्या माणसानं मटण खायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काका एक घडीभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही कान धरले, डोळे फिरवले आणि म्हणाले, "चुकलो मायबाप! करीच्या दिवशी वास आला अन् पाय घसरला!" सगळा पार खो खो हसला. मी वहीत लिहिलं: "मांसाहार."

मामाजी हसले नाहीत. त्यांनी उठून काकांच्या हातातली खंजिरी काढून घेतली. "माळ घालून मटण? उद्यापासून मंडळात यायचं नाही." काका मुकाट्यानं पाराच्या टोकाच्या दगडावर जाऊन बसले. तिथून ते भजनाला टाळ्या वाजवायचे, आणि मुद्दाम एक टाळी चुकवून मामाजींना वैताग आणायचे.

तेव्हापासून माझ्या तपासणीला गावानं नाव दिलं, मटणपकड. कॅन्सर वगैरे कुणाच्या डोक्यातही राहिलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या की चोरून खाणारे घाबरायचे. पुढच्या खेपेच्या डब्या तपासताना सहायक हसायला लागले. ते हसले म्हणजे नक्की काहीतरी भानगड असणार. म्हणाले, "बाई, बाराही डब्यात मक्याचे दाणे. सारे एकाच घरचे हायेत." चौकशी केली तर खरंच. देवळातल्या पुजाऱ्यांनी आदल्या दिवशी मक्याची कणसं खाल्ली होती, आणि बारा घरांनी त्यांच्याच जागेवरून डब्या भरून आपली अब्रू पुजाऱ्यांच्या भरवशावर सोडली होती. पुजाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात भांडी आपटली. "या गावात मी काय काम करू? जाते मी सरांकडे, सांगते, वऱ्हाडात रोग नाही, भूतही नाही, मटण तेवढं आहे!" भिंतीपलीकडे मामाजी बसले होते. थोड्या वेळानं भिंतीतून आवाज आला. "त्याइले म्हना, घरच्या सुनेचं काम अडलं म्हंजे घराची लाज गेली. माही डबी उद्या पारावर ठेवतो. गाव पाह्यल, मंग देईल."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, मामाजींनी सगळ्या गावादेखत ती डबी पारावर ठेवली. प्रसाद ठेवावा तशी. "मी काही लपवत नाही," ते म्हणाले. "तुमी बी लपवू नका." आत्याबाईंनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. आमच्या ह्यांनी त्या दिवशी पहिल्या एस.टी.नं अमरावती गाठली.

मामाजींची डबी निळी निघाली.

थोडीफार नाही, दौतीतल्या शाईसारखी. सहायकांनी तीनदा तपासली. मग म्हणाले, "औषधात दोष नाही, बाई. काचेत बी नाही."   मटण किंवा रक्त, दोनच गोष्टी होत्या, आणि मामाजींनी मटण खाणं शक्य नव्हतं.

पुढच्या रविवारी ह्यांना कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, "मामाजींना विचारा, शौचावाटे रक्त पडतं का." हे वनस्पतिशास्त्रवाले. झाडाच्या प्रत्येक अवयवाबद्दल तासभर बोलतील, पण वडिलांच्या? ओसरीवर गेले, दोनदा खोकले, कापसाचा भाव विचारला, परत आले. मी पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला मीच भिंतीमागून मोठ्यानं म्हटलं, "तपासणी निळी आली म्हणावं. मटण नसेल तर रक्त आहे म्हणावं. खरं काय ते सांगावं म्हणावं!"

 मग मामाजी म्हणाले, "मटण खाल्लं म्या. अकोल्यात. लिहून टाक म्हना."

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. देवा, मटणच होतं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढा मोठा बुवा चोरून मटण खातो याचं मला हसूही आलं, आणि मी धावत जाऊन वहीत लिहिलं: "मांसाहार." मी पेशींचा अभ्यास करणारी बाई. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असं शिकलेली. पण मला जे हवं होतं तेच कुणी सांगितलं, तर मीही पुरावा मागितला नाही.

मामाजींनी त्याच सकाळी स्वतः आपली खंजिरी पारावर ठेवली, मंडळाला सांगितलं, "माह्या हातून पाप झालं," आणि काकांशेजारी दगडावर जाऊन बसले. काकांनी सरकून जागा दिली. "या बुवा," ते म्हणाले. "आता मंडळ आपलंच हाय."

गावानं महिनाभर दुसरा विषय काढला नाही. ते दोघं दगडावर बसलेले, आणि मी बाजूच्या ओट्यावर डब्या मांडत असताना त्यांचं बोलणं माझ्या कानांवर पडायचं. एकदा काका म्हणाले, "अकोल्यात कुठं खाल्लं?"

"टेसनापाशी."

"मऊ असते नाही?"

"मऊ म्हंजे? भरताच्या वांग्यावानी."

"हो. अन् जरा गोडच लागते."

"गूळ टाकत असतीन," मामाजी म्हणाले.

"गुळाबिगर काय चव त्याले," काका म्हणाले.

वऱ्हाडातल्या मटणात गूळ! ज्या रश्शानं माणसाच्या कानांतून धूर निघतो, त्यात गूळ! मी माहेरची शाकाहारी, पण एवढं तर मलाही ठाऊक होतं. मी ते ऐकलं, मनात हसले, आणि डब्यांवर नंबर टाकत राहिले.

संक्रांतीच्या सुमारास आत्याबाई अकोल्याला आल्या. एकट्या. लग्नानंतर एकटीनं एस.टी.त बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. तिळगूळ आणला म्हणाल्या आणि माझ्यासोबत प्रयोगशाळेतच येऊन बसल्या. "मले दाखव," म्हणाल्या, "कसं होते निळं." सहायकांनी आपल्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, औषध टाकलं. निळं झालं. आत्याबाई वाकून बघत राहिल्या.

"म्हंजे रगतानं बी होते."

"रक्तानंच होतं, आत्याबाई. मटणानं होतं तेही त्यातल्या रक्तामुळंच."

त्यांनी पदर सावरला. "मंग मी तुले एक सांगतो. लगन झालं तवापासून या मानसानं जेवलेलं ताट उचललं नाही. पान्याचा गडवा हातानं भरला नाही. अन् दसऱ्यापासून रोज पाहाटे नाल्यावर जाऊन सोताचं धोतर सोता धुते. मी ईचारलं, काहून? त म्हने, तुले खाऱ्या पान्याचा तरास होते." त्यांचा आवाज चढला. "मले तरास होते म्हने! चाळीस वर्सानं कळलं त्याले!" आणि मग त्या रडायला लागल्या.

मी अंगावरच्या दवाखान्याच्या कोटानिशीच एस.टी.त बसले. रस्ताभर संताप संताप झाला. त्यांच्यावर, गावावर, सगळ्यांत जास्त स्वतःवर. मामाजी ओसरीवर बसले होते. मी भिंतीकडे गेलेच नाही. डोक्यावरचा पदर कुठं होता ते मला ठाऊक नाही. सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मामाजी, तुम्ही खोटं बोललात. तुम्ही मटण खाल्लेलं नाही. किती दिवसांपासून रक्त जातं?"

आत्याबाई माझ्यामागून घरात आल्या होत्या, त्यांनी घाईनं दार लोटलं. मामाजींनी वर पाहिलं. सूनमुख पाहिल्यावर त्यांनी माझं तोंड नीट असं दुसऱ्यांदाच पाहिलं असेल.

"सूनबाई," ते म्हणाले, "बाप गेला माहा असाच. रगत पडून पडून. मले भेव वाटलं. अन् तुले कोन्या तोंडानं सांगू, कुठून रगत येते ते?" मग म्हणाले, "मटणाचं सांगनं सोपं व्हतं."

मी तिथंच ओसरीवर बसले आणि त्यांच्यादेखत रडले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "उद्याच्या गाडीनं नागपूर." ते म्हणाले, "येतो. पन गावाले सांगू नको. मटण खाल्लं तेच राहू दे." अशी ती अट. मटणाची बदनामी त्यांना चालत होती, दुखणं चालत नव्हतं.

गावाला सांगितलं की बुवा लेकीकडे गेले. नागपूरला गाठ सापडली, आतड्याच्या शेवटच्या भागाच्या जरा वर. अजून आतच होती, बाहेर पसरलेली नव्हती. तेवढं आतडं कापून काढलं आणि उरलेलं जोडलं. त्या गाठीचा तुकडा बरणीत घालून मी अकोल्याला आणला. सहायकांनी काप काढले, एरवीपेक्षाही पातळ. त्यांच्या हातांनी त्या दिवशी जणू श्वास रोखला होता. ती माझ्या संशोधनातली पहिली स्लाइड. सरांना नेऊन दाखवली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "पेशंट कुठला?"

"वऱ्हाडचा. ज्वारी खाणारा. माझे सासरे."

सर बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "आपण विचारलंच नव्हतं, नाही का." चांगला माणूस होता तो. मीच त्यांच्यावर उगीच वर्षानुवर्षं चरफडत होते.

होळीनंतर मामाजी चालते-फिरते झाले आणि अकोल्याला तपासायला आले. आता आमच्यात भिंत राहिली नव्हती. म्हणाले, "दाखव मले माहं." मी स्लाइड लावली. टोपी काढून, एक डोळा मिटून ते वाकले. मी समजावलं की आतड्याच्या आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, जुन्या पेशी गळून जातात.

"म्हंजे मानूस आतून दर आठवड्याले कोरा?"

"हो. पण या पेशींना थांबायचं कळलं नाही. वाढतच राहिल्या."

"भजन संपलं तरी खंजिरी वाजवूनच राहिल्या म्हन." ते डोळा लावून होते. "अन् हे सारं म्या धोतरात लपवून राहिलो व्हतो."

मग त्यांनी ती वही मागितली. त्यांचं पान काढून दिलं. "मांसाहार" हा शब्द त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला. "हे पुस्तक कोन वाचते?"

"जगातले डॉक्टर वाचतील, मामाजी. कधीतरी."

"मंग त्याइले खोटं काहून शिकवायचं? पेन दे." त्यांनी तो शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि शेजारी मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं: "रगत." खाली सही केली. जो शब्द मला भिंतीमागूनही ते सांगू शकले नव्हते, तो जगातल्या डॉक्टरांसाठी लिहून मोकळे झाले. आणि पेन परत देताना म्हणाले, "आता पुस्तकात लिहिलं, त गावापासून काय लपवू?"

त्याच रविवारी सकाळी ते पारावर उभे राहिले. मी, आत्याबाई, हे, सगळे होतो. काका आपल्या दगडावर होते, हिवाळ्यात फार वाळले होते, पण टाळ्या वाजवायला तयार. मामाजींनी भजनाआधी हात वर केला. "ऐका. म्या मटण खाल्लं नव्हतं. शौचावाटे रगत पडत व्हतं. लाजेपायी खोटं बोललो. सुनेनं धरलं, नागपुरात पोट फाडलं, आता ठीक हाय. ज्याले तसं होत असन त्यानं लाजू नये. बस."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच! म्या म्हनलं, टेसनापाशी मटणाची खानावळ हायच नाही." आणि गाव असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. मामाजीही हसले. मंडळातल्या एकानं पुढं होऊन त्यांची खंजिरी त्यांच्या हातात दिली.

काका तेवढे हसत नव्हते. ते दगडावरून उठले, आधारानं पार चढले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. या खेपेला त्यांनी कान धरले नाहीत, डोळे फिरवले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "पोळ्याच्या करीले म्या बी मटण खाल्लं नव्हतं."

मामाजींच्या हातातली खंजिरी तशीच राहिली. वही माझ्या पिशवीत होती. काकांना लिहिता येत नव्हतं. मामाजींनी माझ्याकडून वही घेतली, भादव्याचं पान काढलं, काकांच्या नंबरासमोरचा माझ्या अक्षरातला शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की "रगत" हे मला ठाऊक होतं म्हणूनच वाचता आलं. मग त्यांनी आपली खंजिरी काकांच्या हातात ठेवली आणि स्वतः जाऊन त्या दगडावर बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना नागपूरला नेलं. गाठ पोटभर पसरली होती. मामाजी त्यानंतर चौदा वर्षं जगले. काकांना त्या वर्षीचा पोळा दिसला नाही.